भेगेतल्या अकरा बिया

उम्म सयालच्या वस्तीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे. म्हातारा दैफल्ला बंद पडलेल्या खाणीत सोनं दडवून बसलाय. दर गुरुवारी सकाळी तो हलकी पिशवी खांद्याला अडकवून टेकडी चढतो, आणि दुपारी परततो तेव्हा त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वीतभर खाली आलेला असतो. आता खाणीतून माणूस जड पिशवी आणतो, ती काय कांद्यांची? दैफल्लाने नवा अंगरखा शिवला, की लोक म्हणतात, मोडलं वाटतं थोडं. जुनाच घातला, की म्हणतात, बघा किती पोचलेला आहे, कुणाला संशय येऊ देत नाही! मध्यंतरी त्याच्या बायकोचा, बखीताचा, पुढचा दात पडला. विहिरीवरच्या बायका पंधरा दिवस तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आता सोन्याचा बसतोय म्हणून. ती जागा अजून रिकामीच आहे.

गोष्ट साफ खोटी आहे. पिशवी जड असते, एवढंच खरं. पण तिच्यात असते पांढरी गार. दुधासारखी शुभ्र, जिच्यात सोनं औषधालासुद्धा नाही अशी. आमच्या अबाबदा लोकांत माणसाला वाळूत ठेवलं की वर पांढरे खडे मांडतात, म्हणजे वारा कितीही वाळू लोटो, इथे आपलं माणूस आहे हे लांबून दिसतं. ज्यांची पोरंबाळं शहराकडे गेली त्यांच्या कबरींवरचे खडे वाळूखाली जातात. दैफल्ला ते पुन्हा मांडतो. सगळ्यात पांढरी कबर त्याच्या खाणीतल्या सोबत्याची, ओशीकची. तिच्यावर तर उन्हात नजर ठरत नाही.

आणि जाताना त्या हलक्या पिशवीत काय असतं? पाण्याची बाटली, बॅटरी आणि मूठभर खजूर. पण मग खाणीत जायचंच कशाला, पांढरी गार तर टेकडीच्या पायथ्याशीही पडलीय? खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

दैफल्ला खाणीत लागला तेव्हा त्याला जेमतेम मिसरूड फुटलं होतं. काम एकच, छत वाजवायचं. सुरुंगाचा धूर निवला की सगळ्यांच्या आधी हा आत. एका हातात कार्बाइडचा दिवा, दुसऱ्यात लांब पहार. पहारीचं टोक छताला हाणायचं आणि कान द्यायचा. दगड डोंगराला धरून असला की 'टण्ण' असा स्वच्छ बोलतो. सुटला असला की 'धप्प', ओल्या घोंगडीवर काठी मारल्यासारखा. धप्प बोललेला तुकडा पहारीने ओढून पाडायचा, आणि मगच मागच्यांना हाक द्यायची, "या रे, डोंगर शहाणा आहे आज!"

"इंजिनियर डोंगर डोळ्यांनी वाचायचे," दैफल्ला सांगतो. सांगताना आधी दोनदा खोकतो, मग एक भुवई वर चढवतो, आणि दर चार वाक्यांनंतर 'घाई कुठे आहे?' म्हणतो. समोर कुणी घाई करत असो वा नसो. "मी कानांनी वाचायचो. घाई कुठे आहे? ऐका. हा डोंगर म्हणजे भाकरींची चळत. हिरवट, काळपट, पापुद्र्यावर पापुद्रा. नूह पैगंबराच्याही आधी कधीतरी खालून ग्रॅनाइट वर चढला, पेटलेल्या भट्टीसारखा. हा वरचा पापुद्र्यांचा दगड कण्हला आणि तडकला. त्या तडकीतून खालचं उकळतं पाणी वर आलं. निवता निवता तडकीतच त्याची गार झाली. तीच आपली शीर. सोनं त्या पाण्याचं बोट धरून आलं. पण सगळीकडे नाही हं! अडाणी माणूस पांढऱ्याशुभ्र गारेला भुलतो. ती वांझ. जिच्या अंगावर निळसर रेघा, जी गंजलेली, कुजक्या दातासारखी भोकं पडलेली, तिच्यात सोनं."

"म्हणजे तुमच्यात किलोभर तरी निघेल," बखीता चुलीपाशी बसून म्हणते.

ही शीर उभीही नाही आणि आडवीही नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खाटेसारखी तिरपी डोंगरात उतरलीय. कुठे बोटभर, कुठे पुरुषभर जाड. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी वरचं वरचं खणून नेलं. त्यांची दगडी जाती अजून खोऱ्यात पडलीत, आणि त्यातल्याच एकावर बखीता कॉफीत घालायची सुंठ वाटते. मग विलायती कंपनी आली. तिने उभी विहीर खणली, विहिरीतून एकाखाली एक असे तीन मजले काढले, आणि प्रत्येक मजल्यावरून शिरेच्या मागे मागे गेली. गार काढून नेली की तिच्या जागी तिरपं भगदाड उरतं, आणि वरचा डोंगर त्या भगदाडात बसायला बघतो. म्हणून टेकू हवेत. टेकूंना लाकूड हवं. इथेच कंपनीचं घोडं अडलं.

त्या वर्षी समुद्रावर लढाई पेटली होती आणि लाकडाची जहाजं बंदराला लागेनात. तिसऱ्या मजल्यावर शीर एकदम फुगली होती. पुरुषभर जाड, निळ्या रेघांनी भरलेली, दिवा धरला तर मोहरीएवढे पिवळे दाणे उघड्या डोळ्यांनी दिसावेत अशी. आणि टेकूंना एक काठी नाही. तेव्हा विलायती साहेब खोऱ्यात आला आणि त्याने तिथल्या सातच्या सात सयाल झाडांकडे बोट दाखवलं.

सयाल म्हणजे बाभळीच्या कुळातलं झाड. सात वर्षांत एकदा पाऊस पडतो अशा जागी ते हिरवं राहतं. आमच्यात वाळलेली फांदी उचलायची, हिरवीला कुऱ्हाड लावायची नाही. लावली तर वडीलधारे बसतात, आणि माणूस मारल्यासारखाच निवाडा होतो.

साहेबाची भाषा दैफल्ला अजून हुबेहूब काढतो. "तू झाड काप! लाकूड आली नाही, छत पडेल, तू मरेल, मी पण मरेल! झाड काय, तुझा बाप आहे?"

ओशीक पुढे झाला. ओशीक म्हणजे खाणीतला सगळ्यात थोराड गडी, आणि तोंडाने सगळ्यात फाटका. तो म्हणाला, "बाप नाही साहेब, बापाचा बाप आहे. आणि आमचा आजोबा तुमच्या छताला टेकू म्हणून उभा राहणार नाही. त्याचे गुडघे दुखतात."

चाळीस माणसं हसली आणि चाळीसही माणसांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. साहेब तीन दिवस तंबूत फणफणत बसला. चौथ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाला, "ठीक. मग सोना उभा राहील." तिसऱ्या मजल्याच्या बरोबर मधोमध, जिथे शीर सगळ्यात श्रीमंत, तिथेच त्याने चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा गारेचा खांब न फोडता ठेवायला लावला. डोंगराला सोन्याचा टेकू!

तीन महिन्यांनी, सकाळच्या पाळीला, छत आलं.

दैफल्ला म्हणतो, आवाज मोठा झालाच नाही. कुणीतरी खूप जाड सतरंजी टाकावी तसा 'हुफ्फ' झाला आणि दिवे विझले. खांबाच्या अलीकडचं छत बसलं, पलीकडचं बसलं. मधे खांबाच्या आडोशाला त्या पाळीची अकराच्या अकरा माणसं उरली, दैफल्ला आणि ओशीक धरून. कुणी रडायला लागलं, कुणी कलमा म्हणायला लागलं. ओशीक म्हणाला, "अरे, आधी बघा कोण कोण आहे. मेलेल्यांनी हात वर करा." मग त्याने कमरेची गाठ सोडली. गाठीत खजूर होते, बरोबर अकरा. "बघा! अल्लाने मोजून दिलेत. ज्याअर्थी जेवणाची सोय केलीय, त्याअर्थी मारायचा बेत नाही."

प्रत्येकाने एकेक खजूर खाल्ला. एकच दिवा पुन्हा पेटवला होता, त्याच्या उजेडात दैफल्लाला खांबाच्या डोक्यावर नवी भेग दिसली. करंगळीएवढी, छतभर गेलेली. त्याने अकरा बिया गोळा केल्या आणि एकेक करून भेगेत घट्ट दाबून बसवल्या. भेग रुंदावली तर बी सुटून पडेल, पडली की कळेल, आणि कळलं की निदान मरणाआधीचा शहादा म्हणायला वेळ मिळेल. सगळे वर बघत बसले. एकही बी पडली नाही. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजाच्या वेळी बाहेरच्यांनी बाजूचा ढिगारा उकरून त्यांना ओढून काढलं. अकराही जण सयालच्या सावलीत आडवे झाले, आणि ओशीक झाडाच्या खोडावर थाप मारून म्हणाला, "आजोबा, फिटलं हो."

पुढच्याच वर्षी कंपनी गेली. गार दळायची गिरणी गंजली, सोनं धुवून घेतल्यावर उरलेल्या पिवळट भुकटीचा डोंगर वाऱ्याने अर्धा नेला. खांब राहिला. दैफल्ला दर गुरुवारी जातो तो त्याच्याकडे. पहारीने तीनदा वाजवतो, 'टण्ण' ऐकतो, भेगेतल्या बिया बघतो, "अल्ला तुला बळ देवो" म्हणतो, खाली बसून दोन खजूर खातो आणि निघतो. येताना वाटेवरची पांढरी गार पिशवीत भरतो. पंचावन्न वर्षांत, दोन आजारपणं आणि हजची यात्रा सोडली, तर खाडा नाही.

गेल्या हिवाळ्यात रिझैग आला. तिशीतला, ओशीकचा नातू, अस्वान शहरात वाढलेला. पांढरी पिकअप, मागे ड्रिल, जनरेटर, आणि जमिनीवर फिरवलं की 'टुंई टुंई' करणारं सोनं हुडकायचं यंत्र. सोबत काळा चष्मा लावलेला एक सोबती. त्या दिवसांत असे खूप जण वाळवंटात फिरत होते. पण बाकीचे खोऱ्यातली वाळू हुंगायचे, आणि रिझैग सरळ दैफल्लाच्या दारात आला.

"काका, सरळ बोलतो," तो म्हणाला. रिझैग सगळं 'सरळ' बोलतो. "तिसऱ्या मजल्यावरच्या खांबात चार किलो सोनं आहे म्हणतात."

दैफल्ला दोनदा खोकला. "चार नाही. जास्त."

रिझैगला वाटलं होतं म्हातारा नाही म्हणेल. तो गांगरला. बखीताने तेवढ्यात कॉफीचं मडकं निखाऱ्यावर ठेवलं. आमच्यात पाहुण्याने कॉफी एक, तीन, पाच अशी विषम कप प्यायची. दोन कपांनंतर चष्मेवाला उठायला लागला तशी बखीता म्हणाली, "बस रे! जोडीवर उठतो तो भांडायला आलेला असतो. भांडायला आलायस का?"

"नाही आजी."

"मग पी."

तिसऱ्या कपाला रिझैग म्हणाला, "काका, सरळ बोलतो. घरात तीन बहिणी लग्नाच्या आहेत. सोनं तिथे डोंगराला धरून उभं, आणि आम्ही इथे वाळू चाळतोय. तुम्ही अडवलंत तर मी तुमच्यावर हात उचलणार नाही. पण तुम्ही रोज तर पहाऱ्यावर नसता."

पोरगा खरं बोलत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एका ड्रिलला किती दिवस पुरणार? आणि खांब गेला, की वरचा डोंगर हे दोघे बाहेर पडायची वाट बघत थांबणार नव्हता. ओशीकचा नातू, ज्या जागी ओशीक वाचला त्याच जागी गाडला जाणार.

पण तो म्हणाला, "घाई कुठे आहे? चल, दाखवतो."

बखीताने निखारा हलवायचा चिमटा खाली टाकला. "अहो, चोराला तिजोरी दाखवायला निघालात?"

"चोर नाही, ओशीकचा नातू आहे," दैफल्ला म्हणाला, आणि पिशवी खांद्याला अडकवून, पहार घेऊन निघाला.

खाली तिसऱ्या मजल्यावर त्याने पहार रिझैगच्या हातात दिली. "वाजव." रिझैगने छताला टोला दिला. टण्ण. "पुढे ये." टण्ण. आणखी चार पावलं. धप्प. रिझैग थांबला. त्याने पुन्हा हाणलं. धप्प. डावीकडे, धप्प. उजवीकडे, धप्प. न सांगता त्याचा आवाज हळू झाला. "काका, हे सगळंच..."

"सगळंच. आता खांब वाजव."

टण्ण! असा आवाज कुठल्याच इमारतीत ऐकू येत नाही. डोंगराच्या तळापर्यंत गेला आणि परत आला.

बॅटरीच्या उजेडात खांब दिसला, निळ्या रेघांचा, रेघांत पिवळे दाणे. चष्मेवाल्याच्या तोंडून शीळच निघाली. पण रिझैगची नजर खांबावरच्या एका खुणेवर गेली. छातीच्या उंचीवर छिन्नीचा एकच घाव.

"हा कुणी मारला?"

दैफल्लाने घावावर अंगठा ठेवला. "मी."

ही गोष्ट त्याने तोवर बखीताखेरीज कुणाला सांगितली नव्हती. कंपनी गेल्यानंतरचा तो दुष्काळ. बकऱ्या गेल्या, आणि धाकटी मुलगी तापाने फणफणलेली. शहरातल्या डॉक्टरला द्यायला काही नाही. तो छिन्नी घेऊन इथे आला आणि एक घाव घातला. एकच. वरून टिक्‌ झालं आणि बी त्याच्या पायाशी पडली. "मी माझ्याबरोबर वाचलेल्या दहा माणसांची नावं घेतली, खांबाची माफी मागितली आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी उंटीण विकली. मुलगी जगली. तिला पाच पोरं आहेत आज, पाचही वांड. भेग तिथे रुंदावली, जुनी बी ढिली बसायला लागली, म्हणून तिथे जाड बी घातली. ती बघ, डावीकडून चौथी."

"आणि बाकीच्या?"

"तुझ्या आजोबाच्या गाठीतल्या. तो इथे बसला होता. इथे." दैफल्लाने दिव्याच्या काजळीचा जुना डाग दाखवला.

रिझैगने डागावर तळहात ठेवला. एवढ्यात मागे चष्मेवाल्याला धीर निघेना. "हे सगळं ठीक आहे हो," म्हणत त्याने कमरेचा हातोडा काढून खांबाला एक ठोका दिला. फार जोरात नव्हे, चव बघितल्यासारखा.

टिक्‌.

बी रिझैगच्या खांद्यावर पडली, तिथून घरंगळली ती त्याने तळहातावर झेलली. कुणी हललं नाही. वरून माती चिमूटभर गळली आणि थांबली. चष्मेवाल्याने हातोडा परत कमरेला लावला.

"आता हळू," दैफल्ला कुजबुजला. "घाई कुठे आहे?" आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या प्रश्नाला उत्तर होतं. सगळ्यांनाच घाई होती.

बाहेर आल्यावर रिझैग ओशीकच्या कबरीपाशी उभा राहिला. आजोबांची कबर एवढी पांढरी का, हे त्याने विचारलं नाही. दैफल्लाने वाटेवर गारेने भरलेली पिशवी आणि तिने वाकलेला खांदा बघून त्याला ते कळलं असावं. ती बी त्याच्या मुठीतच होती. "बघतो, काका," एवढंच म्हणाला आणि पिकअप धूळ उडवत गेली.

वस्तीत दोन तट पडले, तो खांब फोडणार म्हणणारे आणि नाही म्हणणारे. 'बघतो' म्हणजे शहराच्या भाषेत काय, ते मला चांगलं ठाऊक. मी दैफल्लाच्या शेजारची, वस्तीत सगळ्यांच्या नकला करणारी. रिझैगचा तो 'सरळ बोलतो' मी तेव्हाच बायकांना करून दाखवला होता, आणि असा माणूस चार किलो सोनं सोडत नाही हे त्या आवाजातच ऐकू येतं. मी दैफल्लाकाकांना म्हणाले, "गुरुवारच्या आत तो परत येतो की नाही बघा."

"येईल," दैफल्ला म्हणाला. "फोडणार नाही."

"पैज?"

"पैज. तू हरलीस तर माझ्या खोकल्याची नक्कल ईदपर्यंत बंद. भुवईसकट."

"आणि मी जिंकले तर?"

"तर तुला ऐकायला मी नसेन, कारण मी त्याला अडवायला आत गेलेला असेन," तो म्हणाला, आणि हसला नाही.

गुरुवारी आम्ही दोघे चढलो. खाणीच्या तोंडाशी पिकअपची ताजी चाकोरी होती. ती बघून दैफल्लाची पावलं जड झाली. पहिला मजला, दुसरा. तिसऱ्यावर त्याने श्वास धरून पहार उचलली आणि खांबाला टेकवली, मग हाणली. टण्ण. पुन्हा. टण्ण. दोन्ही हातांनी पहार छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून सुटलेलं आभाराचं हमदुलिल्ला एवढं लांबलं की मला वाटलं संपतच नाही.

मग मी बॅटरी भेगेवर धरली. एक, दोन, तीन. डावीकडून चौथी जाड. पुढे जिथे रिकामी जागा होती, तिथे एक लालसर, टपोरी बी बसवलेली होती. असला खजूर आमच्याकडे होत नाही. अस्वानला होतो. तिला अजून थोडा गर चिकटलेला होता.

अकरा.

ईदला दोन महिने आहेत. काल दैफल्ला मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसला, तीनदा खोकला, भुवई वर चढवली आणि म्हणाला, "बोल की काहीतरी. घाई कुठे आहे?"